आधी माप, मग कार्ड

गोष्ट २०२४ सालच्या पावसाळ्यातली आणि आमच्या अगदी शेजारच्या घरातली. थोरली मुलगी अंतर्गत सजावटीच्या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. खोलीचे त्रिमितीय चित्र संगणकावर तयार करायचे, त्यात भिंतीचा रंग, खिडकीतून येणारे ऊन, फरशीवरची चकाकी दाखवायची, असा गृहपाठ तिला मिळू लागला होता. घरातला संगणक म्हणजे कुठल्याशा कार्यालयातून निघालेला, दुरुस्त करून पुन्हा विकलेला, एखाद्या जाडजूड पुस्तकाएवढा आटोपशीर. चिठ्ठ्याचपाट्या, हिशेब, ऑनलाइन तास यांसाठी तो उत्तम होता. पण त्रिमितीय चित्र फिरवायला घेतले की त्याला धाप लागे.

"ग्राफिक्स कार्ड टाक, सगळं सुरळीत होईल," असे वर्गातल्या मुलांनी सांगितले. वडिलांनी दिवाळीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून रक्कम दिली. दुकानात जाऊन तिने '३०५०' नावाचे कार्ड मागितले, दुकानदाराने ते दिले. घरी येऊन संगणकाचे झाकण उघडले आणि मुलगी म्हणाली, "बाबा, हे बसतच नाहीये!"

कार्ड डब्यापेक्षा उंच होते. शिवाय त्याला एक वेगळी विजेची वायर जोडावी लागत होती आणि तशी वायर त्या संगणकात नव्हतीच. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने हात वर केले. "पॅकिंग फुटलं की माल परत होत नाही, साहेब." त्याच्या परीने त्याचेही बरोबर होते. जे मागितले ते त्याने दिले होते.

सगळे हिरमुसून बसले असताना आई तेवढी म्हणाली, "ब्लाउज शिवायला टाकतानासुद्धा आपण आधी माप देतो. एवढं महागाचं आणताना कुणी माप का नाही घेतलं?"

प्रश्न साधा, पण नेमका होता. लहान आकाराचे संगणक आज असंख्य घरांत आहेत. कार्यालये काही वर्षांनी आपले संगणक बदलतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर असे संगणक मग मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड अशा बाजारांतून घरोघरी पोहोचतात. कमी पैशांत चांगली वस्तू मिळते, यात शंका नाही. मात्र त्यांत काही वाढवायचे म्हटले, की डब्याच्या मर्यादा समोर येतात. त्या आधीच ओळखल्या, तर पैसा आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

ग्राफिक्स कार्ड कशासाठी?

पडद्यावर दिसणारे प्रत्येक चित्र लाखो ठिपक्यांचे असते आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदात कित्येकदा ठरवावा लागतो. साध्या कामासाठी ही जबाबदारी मुख्य प्रोसेसरमध्येच असलेला छोटा चित्र-विभाग सांभाळतो. त्रिमितीय रेखाटन, व्हिडिओचे संपादन, आधुनिक खेळ यांत मात्र गणिते इतकी वाढतात, की त्यांच्यासाठी वेगळा, शेकडो किंवा हजारो लहान गणकांचा ताफा असलेला भाग लागतो. तोच ग्राफिक्स कार्डावर असतो. त्याची स्वतःची वेगळी मेमरीही असते.

म्हणजेच टायपिंग, हिशेब, चित्रपट पाहणे, बँकेचे व्यवहार एवढेच काम असेल तर कार्डाची मुळीच गरज नाही. तिथे संगणक रखडत असेल, तर दोष बहुधा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा किंवा अपुऱ्या रॅमचा असतो. एसएसडी बसवली, रॅमची एक पट्टी असेल तिथे तशीच दुसरी घातली, तर थोडक्या खर्चात फरक पडतो. दोन पट्ट्या जोडीने चालल्या की प्रोसेसरमधल्या चित्र-विभागालाही वेग येतो, कारण तो याच रॅमवर जगत असतो. तेव्हा पहिला प्रश्न 'कोणते कार्ड?' हा नसून 'कार्ड हवेच का?' हा आहे.

विजेचा ताळेबंद

कार्ड हवेच असे ठरले, तर सर्वांत आधी पाहायचा तो एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला पेलेल अशी करून देणारा पत्र्याचा चौकोनी डबा. त्याच्यावर एक लेबल असते आणि त्यावर एकूण वॉट लिहिलेले असतात. घरी जोडून घेतलेल्या उंच कॅबिनेटमध्ये ४५० ते ६५० वॉटचा एसएमपीएस सहज आढळतो. छोट्या कार्यालयीन संगणकात तो बहुधा १८० ते २६० वॉटचा असतो. कार्यालयाच्या कामाला तेवढे पुरते, म्हणून कंपनीने तेवढेच दिलेले असते.

याउलट कार्डांची भूक पाहा. २०२५ साली आलेले एनव्हिडियाचे सर्वांत मोठे घरगुती कार्ड, आरटीएक्स ५०९०, एकटेच ५७५ वॉटपर्यंत वीज घेते. छोट्या संगणकाच्या सगळ्या एसएमपीएसपेक्षा ती दुपटीहून जास्त झाली. सुदैवाने बाजारात मितभाषी माणसांसारखी मिताहारी कार्डेही आहेत. ती ओळखण्यासाठी एक आकडा लक्षात ठेवावा: ७५.

मदरबोर्डवरच्या ज्या लांब स्लॉटमध्ये कार्ड बसते, त्याला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात. ठरलेल्या मानकानुसार या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट वीज मिळू शकते. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा साधारण तेवढीच वीज घेतो. कार्डाची गरज याहून जास्त असेल, तर त्याला एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते. सहा पिनांच्या वायरने आणखी ७५ वॉट मिळतात, आठ पिनांच्या वायरने १५०. छोट्या कार्यालयीन संगणकांत या वायरी सहसा नसतातच. म्हणून आपल्याला हवे ते कार्ड ७५ वॉटच्या आतले आणि वेगळी वायर न मागणारे. काही छोट्या संगणकांच्या माहितीपत्रकात स्लॉटची मर्यादा ७५ पेक्षाही कमी दिलेली असते. त्यामुळे आपल्या मॉडेलचे माहितीपत्रक इंटरनेटवरून उतरवून एकदा वाचलेले बरे.

आता हिशेब मांडू. शेजारच्या संगणकातला प्रोसेसर इंटेल कोअर आय-५ ८५०० होता. त्याच्या नावापुढे ६५ वॉट लिहिलेले असते, पण जोराचे काम आले की असे प्रोसेसर काही काळ त्याहून बरीच जास्त वीज घेतात. म्हणून आपण १०० धरू. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ४० धरू. झाले १४०. एसएमपीएस होता २५० वॉटचा. उरले ११०. मुलीने आणलेल्या कार्डाची भूक होती १३० वॉट! म्हणजे उंची जमली असती आणि वायर सापडली असती, तरी ताळेबंद तुटीचाच होता.

संसारात जसे महिन्याच्या शेवटी चार पैसे हाताशी ठेवतो, तसे इथेही पाचव्या हिश्शाच्या आसपास वीज शिल्लक राहील असे पाहावे. एसएमपीएस जुना असेल तर हे अधिकच गरजेचे. वर्षानुवर्षे चाललेल्या एसएमपीएसची ताकद कोऱ्या असतानाएवढी राहत नाही. लेबलावर '१२ व्होल्ट' या ओळीसमोर किती अँपिअर लिहिले आहेत, तेही पाहावे. कार्ड आणि प्रोसेसर दोघांचाही मुख्य पुरवठा याच ओळीतून होतो. अँपिअरला १२ ने गुणले की त्या ओळीचे वॉट निघतात.

मग एसएमपीएसच बदलला तर?

हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. पण अनेक कार्यालयीन संगणकांतले एसएमपीएस आकाराने वेगळे असतात आणि मदरबोर्डला जोडणाऱ्या पिनांची रचनाही नेहमीची नसते. बाजारात मिळणारा साधा एसएमपीएस त्या डब्यात मावत नाही. त्याच मॉडेलसाठी कंपनीने जास्त वॉटचा एसएमपीएस काढला असेल तरच हा मार्ग सोपा.

दुसरा 'जुगाड' म्हणजे हार्ड डिस्कसाठी असलेली साटाची वायर घेऊन, तिला जोडणी लावून कार्डाची सहा किंवा आठ पिनांची भूक भागवणे. अशा जोडण्या स्वस्तात मिळतात आणि 'चालतंय की' असे सांगणारेही भेटतात. पण आकडे काय सांगतात पाहा. साटाच्या जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात. प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर, म्हणजे एकूण साडेचार अँपिअर, अर्थात ५४ वॉट. सहा पिनांची जोडणी ७५ वॉट मागू शकते, आठ पिनांची १५०. ५४ च्या रस्त्यावरून ७५ किंवा १५० ची वाहतूक नेली, की पिना तापतात, प्लॅस्टिक वितळते आणि आगीचाही धोका निर्माण होतो. हा संगणक पडदे, वह्यापुस्तके, अंथरुणे असलेल्या खोलीत ठेवलेला असतो आणि कित्येकदा रात्रभर चालू असतो. चार पैसे वाचवण्यासाठी हा धोका पत्करू नये.

उंची, जाडी आणि लांबी

विजेनंतर टेप घ्यावी. नेहमीच्या कार्डाची मागची उभी धातूची पट्टी सुमारे १२ सेंटिमीटर उंच असते. आटोपशीर संगणकाला लागते ती सुमारे ८ सेंटिमीटरची. अशा कार्डाला बाजारात 'लो प्रोफाइल' किंवा 'हाफ हाइट' म्हणतात. काही कार्डांच्या खोक्यात दोन्ही उंचीच्या पट्ट्या येतात. जुने कार्ड घेताना मात्र लहान पट्टी सोबत आहे की नाही, हे विचारून घ्यावे. पट्टी नसेल तर कार्ड डब्यात घट्ट बसत नाही.

जाडीकडेही लक्ष हवे. कमी विजेची काही कार्डे एकाच स्लॉटची जागा घेतात, बाकीची शेजारच्या स्लॉटचीही. शेजारच्या स्लॉटमध्ये वाय-फायचे कार्ड असेल किंवा एसएमपीएसची भिंत लगेच सुरू होत असेल, तर जाड कार्ड बसणार नाही. लांबीच्या आड हार्ड डिस्कचा कप्पा किंवा वायरींचा जुडगा येऊ शकतो. झाकण उघडून तिन्ही मापे कागदावर लिहावीत आणि मोबाइलवर आतला फोटो काढून तो दुकानात न्यावा.

डब्याहूनही लहान, हाताच्या पंजाएवढे 'मिनी' किंवा 'टायनी' संगणक असतात. त्यांच्या बहुतेक मॉडेलांत कार्डाचा स्लॉटच नसतो. तिथे कार्डाचा विचार सोडून द्यावा.

कोणती कार्डे पाहावीत?

हलक्या गरजेसाठी एनव्हिडियाचे जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली आले. ३० वॉटवर ते चालते. पण त्याच नावाचा, डीडीआर ४ मेमरीचा आणखी एक प्रकार २०१८ मध्ये आला. त्याच्या मेमरीचा वेग पहिल्याच्या जेमतेम एक तृतीयांश आहे. नाव एकच, माल वेगळा. त्याआधी, २०१६ साली आलेले जीटीएक्स १०५० टीआय हे ७५ वॉटचे कार्डही छोट्या संगणकांत फार गाजले. मात्र या पिढीच्या कार्डांसाठी नव्या सुधारणा असलेले ड्रायव्हर देणे कंपनीने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले. आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षिततेपुरते ड्रायव्हर मिळणार आहेत. त्यामुळे आज त्यांवर मोठी रक्कम घालवणे शहाणपणाचे नाही.

त्यानंतरचे जीटीएक्स १६५० हे २०१९ मधले कार्ड. ७५ वॉट, ४ जीबी मेमरी. याचेही काही प्रकार सहा पिनांची वायर मागतात, तेवढे पाहून घ्यावे. एएमडीचे २०२२ मधले आरएक्स ६४०० हे ५३ वॉटचे आणि आकाराने सुटसुटीत. पण ते स्लॉटच्या सोळा मार्गिकांपैकी चारच वापरते. त्यामुळे पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या जुन्या संगणकात त्याचा वेग घटतो. शिवाय व्हिडिओ तयार करताना मदत करणारा भाग त्यात नाही. संपादन करणाऱ्यांना ही उणीव जाणवेल. इंटेलचे आर्क ए ३८० व्हिडिओच्या कामात चांगले आहे, पण त्याचे बरेच प्रकार वेगळी वायर मागतात आणि 'रिसायझेबल बार' ही सोय नसलेल्या जुन्या संगणकात ते मागे पडते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे कार्ड ७० वॉटवर, वेगळ्या वायरीशिवाय चालते आणि अर्ध्या उंचीतही मिळते. शेजारच्या मुलीची फसगत नेमकी इथेच झाली होती. तिने '३०५०' मागितले. मिळाले ते त्याच नावाचे, २०२२ मधले ८ जीबीचे: १३० वॉट, आठ पिनांची वायर, पूर्ण उंची. दोघांच्या नावांत फरक फक्त मेमरीच्या आकड्याचा. म्हणून दुकानात नुसते नाव सांगून भागत नाही. 'वॉट किती, वायर लागते का, उंची किती' हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

त्याहून नव्या आरटीएक्स ४०६० चेही अर्ध्या उंचीचे प्रकार निघाले, पण त्याची गरज ११५ वॉटची आणि वायरही वेगळी लागते. उंची जमली म्हणजे सगळे जमले, असे समजू नये.

जुने कार्ड घेताना

वापरलेल्या मालात काही वेळा जुन्याच कार्डाची अंतर्गत माहिती बदलून, नव्या कार्डाचे नाव चढवून विकतात. जीटीएक्स १०५० टीआय म्हणून असे नकली माल बरेच विकले गेले. ओळखण्याची एक सोपी खूण आहे. या पिढीपासून एनव्हिडियाच्या कार्डांत जुन्या पद्धतीचा ॲनालॉग संकेत राहिला नाही. तेव्हा '१०५० टीआय' म्हणवणाऱ्या कार्डावर निळ्या रंगाची, पंधरा छिद्रांची व्हीजीए जोडणी दिसली, तर शंका घ्यावी. जीपीयू-झेड नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम चालवून पाहिला, तर तो बनावट कार्डांना तसे स्पष्ट दाखवतो. दुकानात चालवून दाखवायला नकार मिळाला, तर नमस्कार करून बाहेर पडावे.

आपल्या मॉनिटरला फक्त व्हीजीए जोडणी असेल, तर नव्या कार्डासाठी संकेत बदलून देणारा कन्व्हर्टर लागेल. तो खर्चही आधीच धरावा.

बसवताना आणि बसवल्यावर

संगणक बंद करून भिंतीतला प्लग काढावा. मग चालू करायचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. आतली धूळ मऊ ब्रशने झाडावी. कार्ड कडेने धरून, खटका बसेपर्यंत सरळ दाबावे आणि पट्टीचा स्क्रू आवळावा. मॉनिटरची वायर आता मदरबोर्डला नव्हे, कार्डाला जोडायची. 'कार्ड टाकले पण काहीच दिसत नाही' या तक्रारींमागे पुष्कळदा एवढेच कारण असते. शेवटी कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा.

छोट्या डब्यात हवा कमी खेळते. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे! म्हणून संगणक टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नये, मागे आणि बाजूला वीतभर जागा सोडावी. यूपीएस असेल तर त्याचीही क्षमता पाहावी. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे. अशा घरगुती यूपीएसवर बहुधा ३६० वॉटच लिहिलेले असतात. विजेच्या बिलाची मात्र फार धास्ती नको. ७५ वॉटचे कार्ड रोज चार तास पूर्ण जोराने चालले, तरी महिन्याला ९ युनिट होतात.

संगणकच थकला असेल तर

एक गोष्ट मन घट्ट करून तपासावी. विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे लागतात. आपला संगणक त्याआधीचा असेल, तर त्यात महाग कार्ड घालणे म्हणजे पडक्या घराला संगमरवरी फरशी बसवण्यासारखे आहे. ती रक्कम थोडी आणखी साठवून संगणकच बदलावा. नवा घेताना चित्र-विभाग बळकट असलेला प्रोसेसर निवडला, तर वेगळ्या कार्डाशिवायही बरेच काम निभावते.

शेजारच्या संगणकाचा प्रोसेसर आठव्या पिढीचा होता, म्हणून कार्डाचा खर्च योग्यच होता. आईने शिवणाच्या पेटीतली टेप काढली. मुलीने उंची, जाडी, लांबी वहीत टिपली. शेजारचा स्लॉट रिकामा होता. १४० अधिक ७०, म्हणजे २१०. एसएमपीएस २५० चा. पाचव्या हिश्शाला थोडे कमी पडत होते, पण प्रोसेसरचे १०० वॉट हातचे राखूनच धरले होते. हिशेब जुळला. पहिले कार्ड मामेभावाच्या मोठ्या कॅबिनेटमध्ये गेले. त्याने रक्कम दिली, पण पूर्ण नाही. तो तोटा घराने सोसला आणि त्या वर्षीची दिवाळी नव्या कपड्यांशिवाय झाली.

फराळाला आम्ही गेलो तेव्हा मुलीने स्वतः रेखाटलेली बैठकीची खोली पडद्यावर फिरवून दाखवली. खिडकीतून ऊन आत येत होते, फरशी चमकत होती. वहीतले ते पान तिने संगणकाच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवले आहे. पुढच्या वेळी कुणी हा डबा उघडील, त्याला मापे तयार सापडतील.